सिंहगड धरावा की अजिंक्यतारा?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेल्या गाडीतला रेडिओ कात्रजच्या बोगद्यापर्यंत झकास बोलतो. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर त्याचा घसा बसू लागतो. पुढे नीरेचा पूल ओलांडून गाडी शिरवळच्या हद्दीत शिरते आणि नेमकी त्याच मुहूर्तावर निवेदिका म्हणते, "आता प्रश्न नीट ऐका हं, बरोबर उत्तर देणाऱ्याला सिनेमाची दोन तिकिटं!" मग नुसती खर्रर्र. प्रश्न नीरेत बुडतो, तिकिटं पुण्यात राहतात आणि गाडीत स्थानिक कार्यक्रम सुरू होतो.

"नीट लावा ना."

"लागत नाहीये."

"मघाशी तर लागत होतं."

"मघाशी आपण पुण्यात होतो."

"तरी मी म्हणत होते, इतक्यात निघायला नको."

रेडिओने शेवटची सुस्पष्ट माहिती दिलेली असते ती अशी, की स्वारगेट चौकात वाहतूक मंदावली आहे. ती ऐकून गाडीचा धनी खूश होतो, आपण वेळेत सुटलो म्हणून बायकोकडे विजयी नजर टाकतो आणि थोड्याच वेळात खंबाटकी घाटात बंद पडलेल्या कंटेनरच्या मागे जाऊन उभा राहतो. इथे कोंडी झाली आहे हे त्याला कुणीही सांगत नाही. सांगणारे सगळे स्वारगेटला असतात.

यात रेडिओवाल्यांचा काही दोष नाही. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत चालतात. डोंगर आडवा आला की वळसा घालून जाण्याची तसदी त्या घेत नाहीत. शिरवळच्या उत्तरेला पुरंदर आणि कात्रजच्या रांगा, दक्षिणेला खंबाटकीचा डोंगर, मध्ये नीरेचं खोरं आणि त्या खोऱ्यात हे गाव. पुण्याचा आवाज उत्तरेकडच्या डोंगरांत अडखळत येतो. आकाशवाणी सातारा १०३.१ वर बोलतं, पण खंबाटकी चढता चढता त्यालाही धाप लागते. शिरवळ हे सातारा जिल्ह्याचं पुण्याकडचं दार. तालुका खंडाळा, पण नदी ओलांडली की पुणे जिल्हा. त्यामुळे शिरवळकर मत साताऱ्याला देतो, लग्नाचा बस्ता पुण्यात बांधतो आणि रेडिओ लावून बसतो तेव्हा दोन्ही जिल्ह्यांची अर्धी अर्धी वाक्यं ऐकून त्यांचा आपल्या मनाने अर्थ लावतो. या सरावामुळे इथली माणसं सरकारी परिपत्रकंही सहज वाचतात.

तसं पाहिलं तर या भागातलं पहिलं यशस्वी प्रक्षेपण १६७० सालचं. मावळ्यांनी सिंहगड घेतला आणि गडावरची गवती घरं पेटवून राजगडावर महाराजांना खूण केली, असं सांगतात. एक प्रेक्षक, एक बातमी. मध्ये जाहिरात नाही, चर्चेला चार तज्ज्ञ नाहीत, 'सर्वात आधी आम्हीच दाखवलं' हा दावा नाही. निरोप स्वच्छ पोचला. पुढे तीनशे वर्षांनी, १९७३ मध्ये, दूरदर्शनने मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे पोचवण्यासाठी त्याच सिंहगडावर मनोरा उभारला. तेव्हापासून चित्र फार स्वच्छ दिसतं अशी एकही तक्रार शिरवळमधून गेली नसावी.

पण दूरदर्शनच्या आधी घराघरांत रेडिओ होता आणि रेडिओसाठी बंदुकीसारखा परवाना लागायचा. टपाल कार्यालयात जाऊन वर्षाचे पंधरा रुपये भरायचे आणि परवान्याच्या पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात सरकारने ही पद्धत मोडीत काढली, पण तोवर पंधरा रुपये वाचवण्यात अनेकांनी दीडशे रुपयांची अक्कल खर्च केली. तपासनीस आल्याची आवई उठली की रेडिओ ज्वारीच्या कणगीत लपवायचा, ही कथा सातारा-सांगलीतल्या बहुतेक गावांत आपापल्या नावावर आहे. आजीने घाईत बटण बंद केलेलं नसतं. तपासनीस ओसरीवर बसून गूळ-पाणी घेत असतो आणि आतून कणगी धीरगंभीर आवाजात कांद्यावरच्या करप्याचा बंदोबस्त सांगू लागते.

"आत कोण बोलतंय?"

"आमचे थोरले दीर. शेतीतलं लई कळतं त्यांना."

पुण्याचं आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, सांगलीचं १९६३ मध्ये. पुणे ७९२ वर, सांगली १२५१ वर. दोन्ही मध्यम लहरींवर. या लहरी एफएमइतक्या मानी नाहीत, जमिनीला धरून डोंगर ओलांडतात, त्यामुळे दिवसा शिरवळला दोन्ही केंद्रं बरी लागायची. रात्री मात्र याच लहरी वरच्या वातावरणावर आपटून परत खाली येतात आणि शेकडो मैलांवरची स्टेशनं घरात घुसतात. सांगलीचं भजन रंगात आलं असताना मध्येच कुणीतरी उर्दूत बातम्या देऊ लागे आणि त्यांच्या मागून तमीळ नाटकातली सासू ओरडे. घरातल्या आबांनी काटा केसभर हलवला की भजन जाई आणि सासू राही.

गावातल्या आबांसाठी रेडिओचा काटा म्हणजे घराचं सर्वोच्च न्यायालय. रेडिओ फळीवर, फळी हात पोचणार नाही इतकी उंच, वर क्रोशाचा रुमाल, आणि त्याला हात लावण्याचा अधिकार एकट्या आबांना. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांनी नेमकं हेच धोरण सबंध देशासाठी राबवलं. १९५२ ते १९६२ हा त्यांचा माहिती आणि नभोवाणी खात्याचा काळ. सिनेमातली गाणी हलकी, ती लोकांच्या कानांवर पडू नयेत, अशी त्यांची तळमळ. आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळजवळ हद्दपार झालं. लोकांनी मंत्र्यांचा मान राखला, रेडिओचा काटा श्रीलंकेकडे वळवला आणि अमीन सयानींची बिनाका गीतमाला ऐकू लागले. आपल्या कामगिरीने दुसऱ्या देशाच्या रेडिओचा इतका भरभरून फायदा करून देणारा मंत्री विरळाच. शेवटी १९५७ मध्ये सरकारनेच विविध भारती सुरू केली आणि घरोघरचे आबा 'लावा, पण आवाज लहान ठेवा' इथपर्यंत खाली आले.

पुणे केंद्राने याच काळात एक असा कार्यक्रम केला की आबांनी स्वतःहून आवाज मोठा केला. १ एप्रिल १९५५, रामनवमी. गीतरामायण सुरू झालं आणि वर्षभराहून थोडं अधिक, आठवड्याला एक या हिशेबाने, ५६ गीतं झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं आणि मागे लागून काम करून घेणारे केंद्रावरचे अधिकारी सीताकांत लाड. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला, असं सांगतात. माडगूळकर चिडले आणि लाडांनी त्यांना कागद-पेन्सिल देऊन खोलीत कोंडलं. थोड्या वेळाने गीत तयार होतं. हल्लीच्या व्यवस्थापन शिबिरांत कर्मचाऱ्यांना प्रेरणा देण्यासाठी पाहुणे बोलावतात. लाडांनी बाहेरून कडी लावली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकायला बसत. माडगूळकर मूळचे सांगलीकडचे, त्यामुळे या भागाचा ऊर जरा जास्तच भरून आला. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर तर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात अनेक वर्षं होते. मराठीतला एवढा थोर कथाकार आपल्याला खत कधी घालायचं ते सांगतोय, याची शेतकऱ्याला कल्पना नव्हती. कल्पना असती तरी त्याने खत आपल्याच मताने घातलं असतं.

सकाळी सातच्या सुमाराला प्रादेशिक बातम्या. सुधा नरवणे यांचा आवाज आला की पुणे-साताऱ्याकडच्या घरांत चुलीवरचं पाणी, शाळेची पोरं आणि एसटी पकडणारे नोकरदार आपापल्या जागी धावत. याच बाईंचे चिरंजीव मनोज नरवणे पुढे देशाचे लष्करप्रमुख झाले. शिस्त घरातूनच येते हे खरं, पण त्या शिस्तीचा काही भाग आवाजावाटे खोऱ्यात सगळीकडे वाटला गेला होता. जून २०२३ मध्ये पुण्याचा हा वृत्तविभाग छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मोठी ओरड झाली आणि काही दिवसांतच हुकूम थांबला. ओरडणाऱ्यांत असेही बरेच होते ज्यांनी कित्येक वर्षांत रेडिओ लावलेला नव्हता. ऐकायचं नसलं तरी ते चालू असलंच पाहिजे, यावर मराठी माणूस ठाम असतो.

बातम्यांनंतर हवामान. हवामानखात्याच्या नकाशात शिरवळ 'मध्य महाराष्ट्र' या विभागात येतं, आणि मध्य महाराष्ट्रात वर्षानुवर्षं 'तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम स्वरूपाच्या सरी' पडतात. गावाचं नाव कधी येत नाही. शिरवळकरांनी काढलेला निष्कर्ष असा, की पाऊस पडला तर आपण तुरळकात आहोत आणि नाही पडला तर नाही. टीव्ही आल्यावर या गोंधळात भर पडली. 'खंडाळ्यात मुसळधार' अशी पट्टी फिरली की नागपूरच्या मावशीचा शिरवळला फोन ठरलेला.

"घरात पाणी शिरलं का गं?"

"मावशी, टँकर मागवलाय."

"पण टीव्हीवर तर धबधबे दाखवतात!"

"तो लोणावळ्याकडचा खंडाळा. आमचा साताऱ्याचा."

"मग तुम्ही तिकडच्या खंडाळ्यात का नाही राहत?"

रेडिओवर आपलं नाव यावं ही इच्छा मात्र माणसाला पावसापेक्षा जास्त असते. 'आपली आवड' या फर्माइशीच्या कार्यक्रमासाठी पोस्टकार्ड पाठवणाऱ्याला गाण्याशी काडीचं कर्तव्य नसे. कार्डावर गाण्याचं नाव एका ओळीत आणि खाली घरातल्यांची नावं, आडवी, उभी, कडेने फिरून पत्त्याच्या जागेपर्यंत: आजोबांपासून ते बारसं व्हायच्या बाळापर्यंत. मग आठवडेच्या आठवडे सगळं घर रेडिओभोवती. ज्या दिवशी नावं वाचली जात, नेमकी त्या दिवशी शिरवळची वीज जाई. बातमी शेजारच्या गावाहून सायकलवर येई.

"तुमचं नाव आलं की काल!"

"खरं? समद्यांची घेतली?"

"समद्यांची. फकस्त आडनाव चुकलं."

आडनाव चुकल्याने काही बिघडत नसे. त्या घराची पत गावात वाढलेली असे. सोयरीक जुळवताना 'रेडिओवर नाव आलेलं घर' एवढी शिफारस पुरे.

मग आला टीव्ही आणि त्याच्यासोबत अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा. सिंहगड शिरवळच्या वायव्येला. पुढे साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरही दूरदर्शनचा मनोरा आला, तो दक्षिणेला. सिंहगड जवळ, पण मधे डोंगर. अजिंक्यतारा लांब आणि मधे खंबाटकी. शिरवळच्या नशिबातही किल्ला आहे, नाही असं नाही. सुभानमंगळ. १६४८ मध्ये महाराजांच्या फौजेने तो घेतला, इतिहासात त्याचं नाव आहे. पण तो नीरेकाठचा भुईकोट, आणि आज त्याचे जेमतेम अवशेष उरलेत. त्यावर मनोरा उभारला असता तर तो नदीपलीकडच्या म्हशींना दिसला असता. त्यामुळे प्रत्येक घरात एकच राजकीय प्रश्न: सिंहगड धरावा की अजिंक्यतारा? सासू भोरकडची, तिचा कौल सिंहगडाला. सून साताऱ्याची, तिचा अजिंक्यताऱ्याला. सासरा घरजावयाच्या पवित्र्यात गप्प. आणि छपरावर धाकटा.

"आलं का?"

"मुंग्याच हायती!"

"आता?"

"आलं... आलं... माणूस दिसायला लागला... गेलं!"

"हात काढला की जातंय."

"मग काढू नगंस!"

"किती वेळ?"

"लक्ष्मण शुद्धीवर येईस्तोवर थांब की जरा!"

२५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी रामायण लागू लागलं. छपरावरून अंगणात, अंगणातून खिडकीत, खिडकीतून माजघरात अशी निरोपांची जी साखळी तेव्हा शिरवळात चाले, तिच्यात एकदाही बिघाड झाला नाही. बिघाड व्हायचा तो पडद्यावर. 'व्यत्यय' अशी पाटी यायची आणि माणसं ती पाटीही टक लावून बघायची, उठून जायची नाहीत. उठलं आणि तेवढ्यात चित्र आलं तर? त्या काळात कुठला कार्यक्रम सर्वाधिक पाहिला गेला याचं प्रामाणिक मोजमाप झालं असतं, तर या पाटीने पहिला नंबर काढला असता. टीव्हीलाही हार घातले गेले, उदबत्त्या लावल्या गेल्या. बत्तीस वर्षांपूर्वी रेडिओचं जे झालं तेच. मोबाइलला मात्र अजून कुणी हार घातलेला नाही, त्यावर रामायण हवं तेव्हा दिसतं तरीही. हवं तेव्हा दिसणाऱ्या देवाला कोण हार घालणार?

बातम्या देणारी माणसं तर घरचीच झाली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. विश्वास मेहेंदळे, प्रदीप भिडे, भक्ती बर्वे, स्मिता पाटील. भिड्यांनी पडद्यावरून नमस्कार केला की आबा पाटावरून नमस्कार करत. "ओळख नसली म्हणून काय झालं, समोरच्याने हात जोडलेत." घरातल्या म्हाताऱ्या पुरुष निवेदक आला की डोक्यावरचा पदर पुढे ओढत, कारण तो सरळ आपल्याकडेच बघत असे. स्मिता पाटील जीन्सवर साडी गुंडाळून बातम्या वाचायच्या ही गोष्ट पुढे सर्वतोमुखी झाली. त्या काळात ती शिरवळला कळली असती, तर आजीने एकच विचारलं असतं: "दिसती का ती? न्हाय ना? मग वाच म्हणावं." हल्ली घरून थेट चर्चेत बसणाऱ्या तज्ज्ञांनी हीच परंपरा पुढे चालवली आहे. वर कोट, खाली बर्मुडा.

छत्री आली, केबल आली आणि नव्वदच्या दशकात गाव प्रथमच स्वतःच्या टीव्हीवर दिसू लागलं. केबलवाल्याच्या स्थानिक वाहिनीचे कार्यक्रम कुणाला ठरवून द्यावे लागले नाहीत: जत्रा, गणपती विसर्जन, शाळेचं गॅदरिंग, कुस्त्यांचा फड, आणि उरलेल्या वेळात हेच सगळं पुन्हा. विसर्जनाचं चित्रण दिवाळीपर्यंत चाले. लोक मिरवणूक बघायला बसतच नसत. मिरवणुकीत आपण कुठे आहोत ते शोधत. 'थांब, थांब, तो पिवळा सदरा माझा!' एवढ्या एका क्षणासाठी चार तासांची मिरवणूक. खालून पट्टी सरकायची, तिच्यात वाढदिवसाच्या शुभेच्छा. ज्याचा वाढदिवस त्याचं वय कधीच नसे, त्याची पदं मात्र मावत नसत. केबलवाल्याचा गावातला दरारा सरपंचाच्या वर. सरपंचाने फार तर पाण्याचा नळ तोडला असता. केबलवाला थकलेलं बिल शेवटच्या षटकाच्या चौथ्या चेंडूला वसूल करी.

२०१७ मध्ये झी मराठीवर 'लागिरं झालं जी' ही मालिका सुरू झाली आणि साताऱ्याच्या तोंडची भाषा रोज संध्याकाळी महाराष्ट्राच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. लेखक तेजपाल वाघ वाईचे, निर्मात्या श्वेता शिंदे साताऱ्याच्या. तोवर साताऱ्याच्या पोराला नाटक-सिनेमात जायचं तर आधी पुण्याकडून जीभ सरळ करून घ्यावी लागे. आता वाई-साताऱ्याकडे मालिकांची शूटिंगं सुरू झाली. 'आमची बोली कुणी दाखवत नाही' म्हणून वर्षानुवर्षं हळहळणारी माणसं पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "आमच्यात असं कुठं बोलत्यात?" सातारा म्हणे हे कराडचं, कराड म्हणे हे माणातलं, आणि शिरवळने तर हात झटकले; शिरवळची बोली अर्धी नीरेपलीकडची. शूटिंगचा दुसरा फायदा असा, की मालिकेतलं गुपित जिल्ह्यात टिकेना. "अण्णा जाणार बरं का पुढच्या आठवड्यात. शूटिंगला तिरडीचं सामान आमच्याच दुकानातून गेलं."

आणि आता बूम. मोबाइल, काठी आणि तिच्या टोकाला चौकोनी रंगीत ठोकळ्याचा माईक, ठोकळ्यावर वाहिनीचं नाव. एवढ्या भांडवलावर माणूस मुख्य संपादक होतो. कार्यकारी संपादक, वार्ताहर, जाहिरात विभाग आणि कॅमेरामनही तोच. तरीही वार्तांकनाच्या शेवटी 'कॅमेरामनसह मी' असं म्हणताना तो क्षणभर स्वतःच्या डाव्या हाताकडे बघतो. गटाराच्या उद्घाटनाला पाहुणे चार, श्रोते सहा आणि बूम नऊ. नारळ फुटतो, टाळ्या होतात, आणि मागून कुणीतरी धापा टाकत येतो.

"साहेब, नारळ परत एकदा. आमचं चालू नव्हतं."

"फुटला की आता."

"फुटलेलाच आपटा. आवाज येतो."

साहेब आपटतात. साहेबांनाही यायचं असतं. मग बाइट. प्रश्न एकच: "साहेब, काय सांगाल?" साहेबांना काय सांगायचं ते ठाऊक नसतं, विचारणाऱ्याला काय विचारायचं ते ठाऊक नसतं, तरी मुलाखत अकरा मिनिटं चालते. नदीला पाणी आलं की पुलावर बूम. पाण्यापेक्षा बूमवाल्यांनाच वाहून जाण्याचा धोका जास्त, म्हणून पोलीस त्यांना मागे सरकायला सांगतात, आणि 'प्रशासनाची दडपशाही' ही पुढची बातमी तयार होते. गोठ्यासमोर उभ्या असलेल्या आजींपुढे बूम जातो. "आजी, कसं वाटतंय?" आजी म्हणतात, "त्ये काय हाय? खायचं का?" या एका वाक्याला जेवढी माणसं बघतात तेवढी आमदारांच्या अकरा मिनिटांना बघत नाहीत. पुढच्या निवडणुकीत आजींना उभं करण्याचा विचार होऊ शकतो.

हसायला हे ठीक आहे, पण या बूमवाल्यांनी एक गोष्ट केली. शिरवळ, लोणंद, खंडाळा ही नावं रोज घेतली जाऊ लागली. सत्तर वर्षं जे गाव तुरळक ठिकाणी होतं, ते पट्टीवर लाल अक्षरांत आलं. उच्चार चुकतो, शुद्धलेखन त्याहून चुकतं, बातमी निम्मी ऐकीव असते. तरी बातमी शिरवळची असते. दरम्यान, मार्च २०२२ पर्यंत दूरदर्शनने देशभरातले जमिनीवरचे बहुतेक सगळे जुने प्रक्षेपक बंद केले. छपरांवरचे सांगाडे आता कावळ्यांना बसायला आणि वाळवणाची दोरी बांधायला उरले, आणि सिंहगड की अजिंक्यतारा हा वाद निकाल न लागताच निकालात निघाला.

याच जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, माणच्या दुष्काळी भागात, म्हसवडला मात्र वेगळंच घडलं. चेतना सिन्हा यांच्या माणदेशी संस्थेने २००८ मध्ये ९०.४ वर स्वतःचं सामुदायिक रेडिओ केंद्र काढलं. तिथे केराबाई सरगर नावाच्या आजी शाळेची पायरी न चढता निवेदिका झाल्या. गाणी स्वतः रचतात, पाठ म्हणतात, कागद लागत नाही. त्यामुळे कागद हरवण्याची आणि कुणाला खोलीत कोंडण्याची वेळ त्या केंद्रावर येत नाही. बारामतीलाही ९०.४ वर वसुंधरा वाहिनी आहे. दोन्ही केंद्रांना आकडा एकच चालतो, कारण अशा केंद्राची ताकद शंभर वॅटच्या आसपास, पल्ला दहा-पंधरा किलोमीटर. एकमेकांच्या बांधावर कुणी जात नाही. शिरवळला असं केंद्र निघालं, तर पुण्याच्या आणि साताऱ्याच्या आवाजाला आडवा येणारा प्रत्येक डोंगर त्याला कुंपण म्हणून उपयोगीच पडेल, आणि दहा-पंधरा किलोमीटरांत शिरवळ, आजूबाजूची गावं, एमआयडीसीतल्या पाळ्या आणि सावित्रीबाईंचं नायगावसुद्धा बसेल.

सरकारी धोरणानुसार असं केंद्र काढायला नफा न कमावणारी, किमान तीन वर्षं नोंदलेली संस्था लागते. अर्ज दिल्लीला माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे करायचा. स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्याच पुन्हा ऐकवता येतात. मात्र गावची भांडणं कुणी ओवीत बसवून म्हटली, तर त्याला नियमात कुठे मनाई दिसत नाही. तेव्हा शिरवळकरांनी अर्ज करून टाकावा. तीन वर्षं न फुटलेली संस्था शोधायला थोडा वेळ जाईल, तेवढा धरून चालावं, आणि निवेदक कोण होणार हे मात्र परवाना हातात पडेपर्यंत कुणालाही सांगू नये.